वर्गणीच्या वहीतील पणजी



या व्याख्यानमालेत आजवर मोठमोठ्या विद्वानांनी इतिहासावर भाषणे केली. लढाया, तह, राज्ये आणि राजे यांची माहिती आपण त्यांच्याकडून ऐकली. मी विद्वान नव्हे. दहावीपर्यंत माझी शाळा झाली, तीही दोन ठिकाणी मोडूनतोडून. पुढचे जे काही शिक्षण, ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात झाले. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो. त्यामुळे चालकांनी इतिहासावर बोला म्हणून सांगितले, तेव्हा मला संकोच वाटला. परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती आपापसांत विचारांची देवघेव व्हावी म्हणून. माझ्यापाशी विचार थोडे आहेत. पण देण्यासारखी एक हकीकत आहे. ती माझ्या पणजीची आहे.

आरंभी एक प्रश्न विचारतो. या मंडपात बसलेल्यांपैकी कितीजणांना आपल्या आजोबांच्या आईचे नाव सांगता येईल? हात वर करण्याची गरज नाही. मनातल्या मनात आठवून पाहा. आजोबांच्या वडिलांचे नाव आपण सांगू, कारण ते सातबाऱ्यावर कुठेतरी असते. त्यांच्या पत्नीचे नाव मात्र बहुतेकांच्या ओठांवर येत नाही. मलाही पन्नाशीला टेकेपर्यंत ते ठाऊक नव्हते. आमच्या घरात तिच्याविषयी एकच वाक्य चालत आले होते : 'ती मुंबईस गेली ती गेलीच.' माझे आजोबा १९८४ साली वारले. त्यांनी उभ्या आयुष्यात आईचा उल्लेख केलेला मला आठवत नाही. आपल्याला टाकून आई निघून गेली, असाच त्यांचा समज होता आणि तो समज घेऊनच ते गेले.

हा शोध मी मुद्दाम हाती घेतला नव्हता. २०१० च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांना घरे देण्यासाठी सरकारने अर्ज मागविले. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता तो कामगार, किंवा त्याचा वारस, अर्ज करण्यास पात्र. लाखाहून कितीतरी अधिक अर्ज आले आणि २०१२ साली पहिली सोडत निघाली. माझे वडील साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांपैकी ते एक. तेव्हा मी बारा वर्षांचा. संप लांबला, खोलीतली भांडी एकेक करून गेली, आणि आम्ही पोरे आईबरोबर गावी परतलो. म्हणून पुढे अर्ज भरून देण्याचे काम मी हौसेने अंगावर घेतले. हजेरीपत्रक, पगाराची पावती, विम्याचे कार्ड, फंडाची चिठ्ठी, यांपैकी काय आहे ते पाहावयाचे आणि नसेल तर मिळवून द्यावयाचे.

एके दिवशी एक म्हातारी मावशी आल्या. नवऱ्याचे कागद त्यांनी पिशवीतून काढले. मग म्हणाल्या, "भाऊ, माझी सासूपण गिरणीत होती. वायंडिंगला. तिचं काय?"

मी सवयीने विचारले, "पुरावा आहे का काही?"

त्या हसल्या. "बायकांचा पुरावा कोण ठेवतो, भाऊ? आम्ही घरातच पुरल्या जातो."

त्या रात्री घरी जाताना मला माझी पणजी आठवली. कुणाचेही कागद शोधून देणारा मी. माझ्या घरचे एक माणूस शंभर वर्षे बेपत्ता होते आणि त्याचे नावसुद्धा मला माहीत नव्हते.

आता गरीब घराचा इतिहास शोधावयाचा तर साधने कोणती, याचा थोडा विचार करू. राजवाडे यांनी १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. त्यांनी गावोगाव हिंडून दफ्तरे मिळविली आणि महाराष्ट्राला कागदाची किंमत शिकविली. पण दफ्तर असते ते देशमुखाचे, कुलकर्ण्याचे, इनामदाराचे. कुलवृत्तान्त छापले जातात ते ज्या कुळांत लिहिणारे पुष्कळ, त्यांचे. बाकीच्यांसाठी काही वेगळी माणसे होती. आपल्या दक्षिण भागात हेळवी येत असत. बैलावर बसून येत, दारात वही उघडत आणि पाच-सात पिढ्यांची नावे धडाधड वाचून दाखवीत. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतही यात्रेकरूंची घराणी गावनिहाय लिहिलेली असतात. शिवाय सरकारी कागद आहेत. गावच्या कोतवाल बुकात जन्म आणि मृत्यू नोंदले जात. फेरफारात जमिनीची खरेदी, गहाण, वारस चढविले जात. शाळेच्या रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव आणि जन्मतारीख असे. जुनी कोतवाल बुके मोडीत आहेत. २०२३ सालापासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ती सबंध महाराष्ट्रात उघडली गेली आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला एकदम मान आला. तो वाद इथे आणण्याचे कारण नाही. एवढेच सांगतो की, ज्यांनी कधी रेकॉर्डरूमचा उंबरठा ओलांडला नव्हता अशा हजारो साध्या माणसांनी त्या निमित्ताने पूर्वजांचे अक्षर पाहिले.

मी या साऱ्या दारांवर गेलो. हेळव्याच्या वहीत आमच्या घराण्याचे पुरुष सात पिढ्यांपर्यंत सापडले. सुना एकही नव्हत्या. फेरफारात पणजोबा होते, त्यांचे थोरले भाऊ होते. कोतवाल बुकात आजोबांच्या जन्माची नोंद १९१२ सालची मिळाली, त्यात बापाचे नाव होते, आईचे नव्हते. जिने नऊ महिने वागविले तिच्यासाठी त्या कागदावर रकानाच नव्हता.

मात्र त्याच बुकात एक पान असे आले की, ते वाचून दाखविणारे मोडीचे गुरुजी थांबले. १९१८ सालच्या शरद ऋतूतले ते पान. एरवी ज्या गावात महिन्याला दोन-तीन मृत्यू नोंदले जात, तिथे त्या एका महिन्यासाठी लागोपाठ चार पाने भरली होती. कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द : ताप. ती इन्फ्लुएन्झाची साथ. जूनमध्ये ती मुंबईत उतरली, पावसाळ्यानंतर दुप्पट जोराने फिरली आणि हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे घेऊन गेली. त्या चार पानांत माझे पणजोबा होते. वय वर्षे तीस. म्हणजे पणजी विधवा झाली तेव्हा तिच्या पदरी सहा वर्षांचे पोर होते आणि त्या वर्षी पाऊसही पडला नव्हता.

इथपर्यंत सरकारी कागदांनी आणले. पुढे नेले ते माणसांनी.

आमच्या गावची भैरवनाथाची यात्रा चैत्रात भरते. मुंबईकर मंडळी त्या वेळी गावी येतात. यात्रेच्या रात्री पंचांच्या परवानगीने मी ध्वनिक्षेपकावरून सांगितले की, आमच्या अमक्या पणजोबांच्या पत्नीविषयी कुणाला काही ऐकून माहीत असेल तर त्याने मला भेटावे. काहीजण हसले. काहींना वाटले, याला निवडणुकीला उभे राहावयाचे आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तिघेजण आले.

पहिले गृहस्थ शेजारच्या गावचे. त्यांच्या घरची एक मुलगी आमच्या घरी दिली होती आणि 'मुंबईची आत्ती' म्हणून तिचे नाव त्यांच्या आजीच्या तोंडी असे. सासरी जी विसरली गेली होती, ती माहेरी शंभर वर्षे जिवंत होती! सासरी आल्यावर तिचे नाव बदलले. त्यामुळे तिची नावे दोन. ही गोष्ट ध्यानात ठेवा. स्त्रीचा शोध घेताना आपण सासरचे कागद उपसतो, पण तिची आठवण बहुधा माहेरी असते.

दुसरे आले ते आमच्या ग्रामस्थ मंडळाचे मुंबईचे जुने चिटणीस. आपल्यापैकी ज्यांची माणसे मुंबईस होती त्यांना गावकीची खोली ठाऊक असेल. एका गावच्या माणसांनी चाळीत एक खोली भाड्याने घ्यावयाची. पाळीप्रमाणे वीस-वीस, तीस-तीस जणांनी तिथे पथारी टाकावयाची. एका पाळीचा उठला की दुसऱ्या पाळीचा त्याच जागी आडवा व्हावयाचा. भाडे, देवाची वर्गणी, कुणाच्या आजारपणाची उचल, कुणाच्या मरणाचा खर्च, सारे एका वहीत लिहिले जाई. आमच्या गावची ती खोली डिलाइल रोडला होती. चाळ पाडून तिथे नवी इमारत व्हावयाची म्हणून खोली रिकामी करताना चिटणीसांना दोन पत्र्याच्या ट्रंका सापडल्या होत्या. ते म्हणाले, "रद्दीवाला आला होता. पण वहीवर भैरवनाथाचं नाव आहे, म्हणून मी द्यायला धजलो नाही."

देवाने एवढे काम केले.

त्या वह्या आम्ही चौघांनी मिळून पाहिल्या. चिटणीस, मोडीचे गुरुजी, एक निवृत्त पोस्टमन आणि मी. १९२१ सालच्या यात्रेच्या वर्गणीत, पुरुषांच्या यादीच्या अगदी शेवटी, एक ओळ होती : पणजोबांचे नाव, पुढे 'याची बायको', मग तिचे सासरचे नाव आणि पुढे आठ आणे. आठ आणे कितीजणांनी दिले होते ते मी मोजले. निम्म्याहून अधिक पुरुषांनी चार आणेच दिले होते.

ती गिरणीत काय करीत होती, हे समजण्यासाठी थोडा इतिहास सांगतो. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. १८५४ साली कंपनी निघाली आणि १८५६ साली ताडदेवला ती सुरू झाली. पहिल्यापासून गिरण्यांत बायका होत्या. १९२० च्या दशकात पाचांत एक कामगार स्त्री होती असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. वायंडिंग आणि रिळिंग ही त्यांची खाती. तिथे सूत उलगडावयाचे, पुन्हा गुंडाळावयाचे आणि तुटले तर गाठ मारावयाची. त्यांच्यावर नायकीण असे. तिच्या मर्जीवाचून काम मिळत नसे आणि टिकतही नसे. पगार कामावर, बाईच्या हाती महिन्याला वीस रुपयेसुद्धा क्वचित पडत. रविवारची सुटी १८९० साली मिळाली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना काढली होती आणि त्यांच्या सभांत बायकाही असत. बाळंतपणाच्या रजेचा आणि भत्त्याचा कायदा मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. त्या विधेयकाच्या बाजूने कायदे कौन्सिलात बाबासाहेब आंबेडकर बोलले होते. कायदा चांगलाच होता. परंतु रजेचा खर्च अंगावर पडतो म्हणून मालकांनी बायका घेण्याचे कमी केले. पुढे यंत्रे बदलली, रात्रपाळीला बायकांस मनाई होती, आणि गिरण्या तर तीन पाळ्या चालवू लागल्या. या सर्व कारणांनी बायकांची संख्या उतरत गेली. माझ्या वडिलांच्या काळी खात्यात बाई दिसणे नवलाचे झाले होते. म्हणून आम्हा मुलांची समजूत झाली की, गिरणी ही पुरुषांचीच.

आता तिसरी व्यक्ती. ती आमच्याच भावकीतली, थोरल्या पणजोबांच्या नातीच्या नात्याची, ऐंशी ओलांडलेली. मी तिला आत्ती म्हणतो. तिच्यापर्यंत पोचावयाच्या आधी मात्र एक कडू प्रसंग आला, तो सांगितलाच पाहिजे.

फेरफार पाहताना मला १९२५ सालची एक नोंद दिसली होती. दुष्काळानंतर सावकाराकडे गहाण पडलेली आमची तीन एकर जमीन थोरल्या पणजोबांनी तीनशे रुपये देऊन सोडविली, अशी ती नोंद. थोरल्या शाखेत ही मोठ्या अभिमानाची गोष्ट. थोरल्याने जमीन सोडविली आणि भावाचे पोरके पोर वाढविले, असे लग्नकार्यात सांगितले जाई. मी चौकशी करू लागलो तेव्हा माझ्या चुलतभावांच्या मनात आले की, हा संघटनेवाला माणूस, कागद गोळा करतो आहे. उद्या कोर्टात जाऊन जमिनीत वाटा मागणार. बोलणे बंद झाले. एका बारशाचे आमंत्रणही आले नाही. माझी पत्नी म्हणाली, "मेलेलं माणूस शोधता शोधता जिवंत माणसं घालवणार का?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. मी आठ दिवस विचार केला. मग भैरवनाथाच्या सभामंडपात भावकीला बोलाविले आणि साध्या कागदावर लिहून दिले की, या शोधातून काहीही निघो, मी किंवा माझी मुले जमिनीवर हक्क सांगणार नाही. वकिलाला तो कागद कितपत पटेल कोण जाणे! पण वकिलासाठी तो नव्हताच. थोरल्या चुलतभावाने तो दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, "आत्तीकडं एक डबा आहे. तू एकदा ये."

त्या डब्यात मनीऑर्डरची कुपने होती. डाकखात्याने मनीऑर्डर १८८० साली सुरू केली, आणि मुंबईच्या घामाचा पैसा घाटावर आणि कोकणात नेऊन पोचविणारी मोठी वाट तीच झाली. फॉर्मच्या खालचे कुपन पैसे घेणाऱ्याकडे राही आणि त्यावर पाठविणाऱ्याला दोन ओळी लिहिता येत. थोरल्या पणजोबांनी अशी बावीस कुपने ठेवली होती, १९२१ पासून १९३२ पर्यंतची. निवृत्त पोस्टमननी शिक्के वाचून त्यांचा क्रम लावला. रक्कम पाच रुपये, सात रुपये, कधी दहा. सगळ्यांची बेरीज एकशे पासष्ट. पणजीला लिहिता येत नव्हते, त्यामुळे हस्ताक्षर दर वेळी वेगळे. पण मजकूर बहुतेक एकच. भावजींना नमस्कार, पैसे जमिनीकडे लावावे आणि मुलाला शाळेतून काढू नये.

आमच्या आजोबांना चौथीपर्यंत लिहितावाचता येत असे. त्या काळी गावात ती मोठी गोष्ट होती. ते कसे शिकले, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

१९२७ सालची पाच कुपने आहेत. १९२८ चे फेब्रुवारीचे एक, आणि मग वर्षअखेरपर्यंत एकही नाही. काही गहाळ झालीही असतील. परंतु १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईत सार्वत्रिक संप होता, हे आपल्याला माहीत आहे. कामगार कमी करून एकेकावर जास्त यंत्रे टाकावयाची, या योजनेविरुद्ध दीड लाखांच्या घरात माणसे सहा महिने बाहेर होती. १९२९ सालीही तसाच लांबलेला संप झाला. त्यानंतरच्या कुपनांवर पाठविणारीचा पत्ता बदललेला आहे. नव्या पत्त्यात चाळीचे नाव आहे आणि त्यापुढे 'खानावळ' हा शब्द आहे.

म्हणजे तिची गिरणी सुटली आणि तिने खानावळ घातली. गिरणगावात असे शेकडो बायकांनी केले. एका खोलीत संसार. त्याच खोलीत पंधरावीस एकट्या पुरुषांना दोन वेळचे जेवण. पैसे पगाराच्या दिवशी. संप झाला की उधारी वाढे, पण ताट बंद होत नसे. या बायकांच्या कष्टाला संघटनेचे रूप येण्यास १९७५ साल उजाडले. त्या वर्षी प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. आम्ही संपाचा इतिहास सांगतो तेव्हा पुढाऱ्यांची नावे घेतो. सहा महिने भाकरी कोणी थापली हे सांगत नाही. माझ्या पेशातल्या माणसांचा हा दोष आहे आणि तो मी इथे कबूल करतो.

यापुढची गोष्ट सांगावी की नाही, याविषयी आमच्या घरात मतभेद झाला. १९३० सालच्या वर्गणीच्या वहीत तिच्या नावावर एक आडवी रेघ मारली आहे. बाजूला चिटणिसाने कारण लिहिले आहे की, बाई परजातीच्या इसमाबरोबर राहते, सबब वर्गणी घेऊ नये. आत्तीने ऐकले होते त्याप्रमाणे तो मनुष्य कोकणातला होता, जॉबराशी भांडून गिरणीतून निघालेला, आणि खानावळीत तिच्या बरोबरीने राबत असे. यामुळेच तिचे नाव घरात घेणे बंद झाले असणार. आमच्यापैकी काहीजण म्हणाले, हे वाक्य गाळावे. मी म्हटले, इतिहास म्हणजे वर्तणुकीचा दाखला नव्हे. बावीस कुपने दाखवावयाची आणि एक रेघ लपवावयाची, हा न्याय नाही. शिवाय रेघ मारल्यानंतरही दोन वर्षे तिचे पैसे येत होते आणि ते घेतले जात होते. वर्गणी बाटली, मनीऑर्डर बाटली नाही!

शेवटचे पान १९३४ चे. त्याही वर्षी गिरण्यांत मोठा संप होता. वहीत एका बाईच्या तेराव्याच्या खर्चासाठी सतरा जणांची नावे आहेत. दोन आणे, चार आणे, एकाचा रुपया. बाईचे नाव लिहिलेले नाही. फक्त 'खानावळवाली' एवढेच, आणि चाळीचे नाव. कामगार न्यायालयात मी एक गोष्ट शिकलो आहे : एका कागदावर विसंबू नये, एकमेकांशी संबंध नसलेले दोन पुरावे जुळले तरच पुढे जावे. ती चाळ तीच, जी शेवटच्या कुपनावर आहे. आणि माहेरच्या घरी सांगत असत की, त्यांची आत्ती ज्या वर्षी गेली त्याच वर्षी जानेवारीत बिहारात भूकंप झाला होता. तो भूकंप १९३४ चाच. दोन्ही बाजूंनी एकच साल येते, म्हणून मी ती नोंद माझ्या पणजीची मानतो.

ज्या सतरा जणांनी वर्गणी दिली त्यांपैकी अकराजण आमच्याच गावचे. तिच्या नावावर रेघ मारणारा चिटणीस त्यांत आहे आणि तो एक रुपया त्याचाच आहे. या माणसाला काय म्हणावे? मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. जातीचा नियम त्याने वहीत पाळला आणि खाल्लेल्या अन्नाला तो त्याच वहीत जागला. आपले वाडवडील असेच होते. आपणही बहुधा असेच आहोत.

थोरल्या पणजोबांचा न्यायही तसाच केला पाहिजे. तीनशे रुपयांपैकी तिचे किती आणि त्यांचे किती, हे बावीस कुपनांवरून ठरत नाही. त्यांनी तिचे नाव पुसू दिले, हे खरे. पण पोराला त्यांनी जेवू घातले, शाळेतून काढले नाही, हेही खरे. आणि ती कुपने त्यांनी फाडली नाहीत, जपून ठेवली, हे त्याहून खरे. जो माणूस लबाडी करतो तो पुरावा जपत नाही. कदाचित पुढे कधीतरी कुणीतरी विचारील, एवढीच त्यांची अपेक्षा असेल. विचारावयास आम्हाला नव्वद वर्षे लागली.

या शोधातून मी जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवतो आणि थांबतो. घरातील सर्वांत वृद्ध माणसाकडे आजच जा. विशेषतः वृद्ध स्त्रीकडे. ती सांगेल ते, कोणी सांगितले आणि कधी सांगितले यासह, लिहून ठेवा. सासरबरोबर माहेरही विचारा. सापडलेला मूळ कागद ज्याचा त्याला परत करा. छायाचित्र आपल्यापाशी पुरे. एका कागदावर विसंबू नका. जमिनीचा हिशेब आणि पूर्वजांचा शोध एका वेळी करू नका. आणि जे सापडेल ते सोसण्याची तयारी ठेवा. मुंबईत चाळी पडत आहेत, गावकीच्या खोल्या रिकाम्या होत आहेत. तिथल्या ट्रंकांतून गरिबांचे दफ्तर पडले आहे. त्याला राजवाडे येणार नाहीत. आपणच गेले पाहिजे. आपल्या गावच्या मंडळाची एक तरी वही या वाचनालयाच्या कपाटात आली, तर माझे आजचे बोलणे कारणी लागले असे मी समजेन.

मी एकट्याने हे केले असते तर काही मिळाले नसते. हेळव्याने पुरुष दिले, गुरुजींनी अक्षर दिले, पोस्टमननी तारखा दिल्या, चिटणीसांनी वही दिली, माहेराने साल दिले आणि ज्यांना माझा संशय आला होता त्यांनीच कुपनांचा डबा दिला. एका माणसाची आठवण अशी सहा घरांत वाटून ठेवलेली असते. सगळी एकत्र बसल्याशिवाय ती पुरी होत नाही.

गेल्या यात्रेच्या दिवशी आमच्या दोन्ही शाखा एकत्र जेवल्या. घराच्या सोप्यात पूर्वजांची लाकडी पाटी आहे. तिच्यावर पणजोबांच्या नावाशेजारी नवे नाव लिहावयाचे होते. मी ब्रश थोरल्या चुलतभावाच्या हाती दिला. त्याने विचारले, "सासरचं लिहू की माहेरचं?" आत्ती आतून म्हणाली, "दोन्ही लिही. जागा आहे."

ते नाव मी आज इथे सांगणार नाही. ते आमच्या घरी आहे आणि आता ते पुसले जाणार नाही. आपण घरी गेल्यावर आपले नाव शोधावे, एवढीच विनंती.